तिसऱ्या उन्हाळ्यातले कोंब

माघ निम्मा सरला की आमच्या घरात सरळ चालायचं कुणी राहत नाही. मागचं दार उघडलं की मान खाली, पाठ वाकलेली आणि नजर मातीवर. मी वाकून चालते, आमचे फौजी वाकून चालतात, आणि शेजारच्या अक्काताई कुंपणावर ओणव्या होऊन विचारतात, "बाई, आला का वं?" कोण आला, हे विचारावं लागत नाही. न्हाणीघराच्या भिंतीपासून लिंबाच्या झाडापर्यंत जो लांबोडका वाफा आहे, त्यातून पहिला कोंब यायचा असतो.

यंदा तो मला दिसला. काल संध्याकाळी तिथं नुसती माती होती. आज सकाळी एक ढेकूळ जरासं कलंडलेलं आणि त्याच्या कुशीतून जांभळट टोक वर आलेलं, करंगळीच्या पेराएवढं. मी तिथूनच ओरडले. वय पन्नाशीच्या पुढं, शाळेत मुलांना "ओरडू नका रे" सांगण्यात जन्म गेला, पण ओरडले. फौजी एका गालाला साबण तसाच ठेवून धावत आले, उकिडवे बसले, आणि मातीतल्या त्या टोकाला म्हणाले, "आलास व्हय? ये."

फौजी म्हणजे माझे यजमान. लग्न होऊन मी इस्लामपुरात आले तेव्हापासून सारी गल्ली त्यांना याच नावानं हाक मारते, आणि मलाही तेच तोंडात बसलं. आणि वाफ्यात आहे ते ॲस्परॅगस. आपल्या शतावरीचं विलायती भावंड. मोठ्या हॉटेलांत ताटलीच्या कडेला दोन-तीन हिरव्या काड्या मांडून देतात, ते. शहरातल्या झगझगीत दुकानांत रबर लावून ठेवलेल्या त्याच्या जुड्या कुणी पाहिल्याही असतील. पण मातीतून वर येताना ते पाहणं ही गोष्टच वेगळी. त्याला पान नाही, फांदी नाही. नुसता दांडा, टोकाशी खवल्यांची घट्ट मिटलेली मूठ. सकाळी पेराएवढा असतो, दुसऱ्या दिवशी वीतभर होतो. उन्हं तापली तर दुपारच्या चहाला एवढा आणि दिवेलागणीला तेवढा. उभं राहून बघत बसलं तर वाढताना दिसेल असं वाटतं, आणि खोटं कशाला बोलू, आम्ही तसे उभे राहिलेलो आहोत.

हे दिवसच तसे असतात. पहाटे अजून शाल लागते आणि दहा वाजता डोकं तापतं. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या डुलत जातात, त्यांच्यामागे पोरं ऊस ओढायला पळतात. आंब्याचा मोहर गळून अंगणात पिवळा भुगा पडतो. वारं एकदम दिशा बदलतं आणि वाळत घातलेली धुणी दुसऱ्याच अंगाला उडायला लागतात. एरवी या दिवसांत मला परीक्षांचे पेपर दिसायचे. आता कोंब दिसतात. त्याचं कारण आहे तो एक उन्हाळा, या वाफ्याचा तिसरा.

पण त्या उन्हाळ्यापर्यंत जायचं तर थोडं मागून जावं लागतं.

फौजी सैन्यात स्वयंपाकी होते. आधी जवानांच्या लंगरात मोठमोठ्या पातेल्यांवर, मग साहेबांच्या मेसमध्ये. निवृत्त होऊन घरी आले आणि थोड्याच दिवसांत टाळेबंदी लागली. शाळा बंद, मी घरात, ते घरात. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण सलग दोन महिन्यांवर एकत्र राहण्याचा आमचा तो पहिलाच प्रसंग. मी जरा धास्तावलेच होते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या हातातलं उलथणं काढून घेतलं. "तू मोबाईलवर पोरांना शिकीव. हितलं मी बगतो."

काय ते वर्ष! जगाचं काय वाटोळं चाललं होतं ते बातम्यांत दिसायचं, आणि आमच्या स्वयंपाकघरात मात्र रोज सण. फौजी चव घेऊन स्वयंपाक करत नसत. ते वास घेत. झाकण उचलायचं, डोळे मिटायचे, एकदा नाक भरून घ्यायचं आणि सांगायचं, "हळद कच्ची हाय अजून." मसाला भाजताना कोणत्या क्षणी कढई उतरवायची हे त्यांना नाकच सांगायचं. मी आत कविता शिकवत असले तरी माझं अर्धं लक्ष फोडणीकडे असायचं.

दुसऱ्या लाटेत आम्ही दोघंही करोनानं आडवे झालो. मी आधी उठले, मग तेही उठले. ताप गेला, खोकला गेला. एका सकाळी पोह्यांवर लिंबू पिळताना ते थांबले. फोड नाकाशी नेली. बाजूला ठेवली. दुसरं लिंबू कापलं, मग तिसरं.

"सुमे," ते म्हणाले, "ह्या लिंबास्नी वास न्हाई."

माझ्या बोटांना तीन लिंबांचा घमघमाट येत होता. 

डॉक्टर भले होते. म्हणाले, कुणाचा महिन्यात येतो, कुणाचा वर्षात, कुणाचा येतही नाही. नाकाला सवय ठेवा. त्यांनी सांगितल्याप्रमाणे आम्ही चार बाटल्या केल्या. लवंग, लिंबाची साल, निलगिरीचं तेल, गुलाबपाणी. सकाळ-संध्याकाळ फौजी खिडकीशी बसून एकेक बाटली नाकाला लावायचे, परेडला उभं राहिल्यासारखे ताठ. मी आतून विचारायची, "काही?" ते म्हणायचे, "न्हाई." पुढे पुढे मी विचारणं सोडलं.

तरी ते स्वयंपाक करत होते. अंदाजानं, आठवणीनं. कधी खारट, कधी करपलेलं. मी खात होते. मग एका दुपारी मी बाजारातून भाजी घेऊन आले आणि दारातच माझे पाय थबकले. घरभर गॅस. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती, वायू तसाच सुटत होता, आणि फौजी ओट्यापाशी हातात लायटर घेऊन उभे होते. शेगडी विझलीय एवढंच त्यांना दिसलं होतं. पुन्हा पेटवायला निघाले होते.

"लायटर ठेवा! अहो, ठेवा तो खाली!"

माझा आवाज ऐकूनच त्यांनी तो ठेवला. मी खिडक्या उघडल्या, सिलिंडर बंद केला, त्यांना हाताला धरून अंगणात आणलं. आम्ही तुळशीच्या कट्ट्यावर बसलो. शेवटी त्यांनी विचारलं, "लय वास येत होता?" मी म्हटलं, "लय." त्यांनी मान हलवली. त्या दिवसानंतर त्यांनी स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला नाही. पाणी प्यायचं असलं तरी बाहेरून मागायचे. अख्ख्या पलटणीला जेवू घातलेला माणूस उंबऱ्याबाहेर पेला घेऊन उभा राहायचा, आणि मला ते बघवत नसे.

त्या पावसाळ्यात एका संध्याकाळी वीज गेली होती. काहीतरी बोलावं म्हणून मी विचारलं, "सैन्यातलं तुम्हांला सगळ्यांत जास्त काय आठवतं हो?" मला वाटलं थंडी सांगतील, बर्फ सांगतील. ते म्हणाले, "मेसच्या मागचा वाफा."

पहाडातली एक छावणी. मेसच्या पाठीमागे कुण्या जुन्या साहेबानं कधीकाळी लावलेलं ॲस्परॅगस होतं. बर्फ वितळलं की ते जमिनीतून आपोआप वर यायचं. फौजी तेव्हा नवे भरती झालेले. मेसच्या वस्तादानं, म्हणजे मुख्य आचाऱ्यानं, सुरी हातात दिली आणि तोडायला पाठवलं. "मी बगितलं आन् मला वाटलं, ऊस उगवतोय. बोटाएवढा ऊस! म्हटलं, ह्या लोकांनी पहाडात आपला ऊस आणून पार बारीक करून टाकला." ते हसले. अंधारात मला फक्त हसणं ऐकू आलं. लिंबांच्या त्या सकाळनंतर पहिल्यांदा.

मग ते बोलतच राहिले. कोंब कसा वाकवायचा, म्हणजे जिथं कोवळा संपतो तिथंच तो आपण होऊन तुटतो. पाण्यात किती वेळ, लोण्यात किती वेळ. मी ऐकत होते आणि मला माझं कोयनानगर आठवत होतं. वडील धरणावर कामाला, आम्ही वसाहतीत. पावसाळ्यात घाटाच्या कडेला रानातली शतावरी वर यायची आणि आई तिचे कोवळे कोंब ओच्यात घेऊन यायची. हात काट्यांनी ओरबाडलेले. कांदा आणि खोबरं घालून ती भाजी व्हायची, किंचित कडसर. घरातली भांडी मधूनच भूकंपाच्या हादऱ्यानं किणकिणायची, आम्ही क्षणभर पाटावर थांबायचो आणि पुन्हा जेवायला लागायचो. त्यांचा पहाड आणि माझा घाट. दोघांच्याही आठवणीत मातीतून उभा राहणारा एकच कोंब निघाला, हे मला त्या अंधारात एवढं आवडलं की सकाळ होईस्तोवर मला धीर धरवेना.

आमची लेक पुण्यात नोकरी करते. तिला फोन केला, तिनं मोबाईलवरून बी मागवलं. कांद्याच्या बियांसारखं काळंभोर, जरा टपोरं. पाकिटावरची सूचना फौजींनी मोठ्यानं वाचली आणि पाकीट खाली ठेवलं.

"तिसऱ्या वर्सी तोडा म्हणत्यात. दोन वर्सं नुसतं बगायचं?"

"मग? तुम्हांला कुठं ड्यूटीवर जायचंय?"

त्यांनी पाकीट पुन्हा उचललं. म्हणाले, "बादली आण. बी भिजत घालू."

रोपं उगवली ती केसांसारखी. हिरवे केस, त्यांना बारीक बारीक फाटे. फुंकर मारली तरी लवत. दिवाळीनंतर ती वाफ्यात लावायची होती, आणि त्यासाठी फौजींनी सिद्धूला बोलावलं. सिद्धू त्यांच्या पलटणीतला ड्रायव्हर, कवठे महांकाळकडचा. घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं, आता थोडी द्राक्षबागही. तो एसटीनं आला, दोन पोती लेंडीखत टपावर टाकून, आणि कंडक्टरशी कसा भांडलो ते सांगतच घरात शिरला.

"काय म्हणालास ह्याचं नाव, दत्ता?" फौजींना नावानं हाक मारणारा तो एकटाच.

"ॲस्परॅगस."

"आसपास राग? गड्या, नावातच राग हाय, उगवंल का सरळ?"

उगवलं. पहिल्या वर्षात वाफा हिरव्या पिसाऱ्यांनी भरला. उंच, नाजूक, उन्हात धुकं धरल्यासारखे. अक्काताईंना तो शेपू वाटला. गल्लीत बातमी झाली की फौजीनं पुरुषभर शेपू वाढवलाय. एक दिवस त्या वाटी घेऊनच आल्या. "बाई, मूठभर द्या की. डाळीत घालते." त्यांना समजावता समजावता माझी पुरेवाट झाली. पण मनातून मला बरं वाटत होतं. फौजी पहाटे उठत होते, तण काढत होते, पिसाऱ्यांना काठीचा आधार देत होते. चार बाटल्या खिडकीत वाळून गेल्या होत्या. आता त्यांचं नाव कुणी काढत नव्हतं.

दुसऱ्या पावसाळ्यात मात्र घात झाला. आमची जमीन काळी. उसाला सोन्यासारखी, पण पाणी धरून ठेवणारी. झड लागली ती उघडेचना. वाफ्यात पाणी तुंबलं. फौजी भर पावसात डोक्यावर पोतं घेऊन चर खणत होते, मी घमेल्यानं पाणी उपसत होते, आणि चर खणला की कडा ढासळून पुन्हा बुजत होता. पाऊस थांबल्यावर पिसारे पिवळे पडले. फौजींनी एक झाड हलवून पाहिलं तर ते हातातच आलं. खाली गड्डा मऊ, कुजलेला. मला त्याची दुर्गंधी आली आणि मी पदर नाकाला लावला. त्यांनी ते पाहिलं. स्वतः तो गड्डा नाकाजवळ नेला आणि टाकून दिला.

"जाऊ दे, सुमे. काढून टाकू सगळं. मिरच्या लावू."

मी आत जाऊन सिद्धूला फोन लावला. मला वाटत होतं मी शांतपणे बोलतेय, पण तिकडून तो म्हणाला, "वैनी, रडू नगा. आमच्या माळावर दुसरं काय नसंल, मुरमाला तोटा न्हाई."

तो टेम्पोभर मुरूम घेऊन आला. तिघांनी मिळून अख्खा वाफा उकरला. निम्मे गड्डे गेले होते. उरलेले आम्ही एकेक करून बाहेर काढले. मोठ्या खेकड्यानं तंगड्या पसराव्यात तशा त्यांच्या पांढुरक्या मुळ्या. खाली मुरूम, वर माती आणि लेंडीखत, आणि त्या उंच वरंब्यावर ते खेकडे बसवले. सिद्धू प्रत्येकाला बसवताना थोपटत होता. "आता भिजू नगंस. हितं आमच्यावानी कोरडा ऱ्हा."

पुढच्या माघात कोंब आले, पण सुतळीसारखे. तोडायचे नव्हते. फौजी रोज त्यांच्याशी बसायचे, एखाद्याला बोटानं नुसता स्पर्श करायचे, आणि त्यांचे पिसारे होऊ द्यायचे. ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या ताटात ते वाढलं होतं, त्याच्या स्वतःच्या परसात ते उभं होतं, आणि तो हात लावत नव्हता. मला त्यांचा अभिमान वाटायचा. आणि कधीकधी रागही यायचा, कुणाचा ते कळत नसे.

आणि मग तो तिसरा उन्हाळा.

पौषात आम्ही पिवळे दांडे जमिनीलगत कापले, पाणी तोडलं. वाफा उघडाबोडका. माघ लागल्यावर खत पसरून पाणी दिलं. आणि एका सकाळी अंगठ्याएवढं जाड टोक! दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारी दोन. मग इथं, मग तिथं, मग लिंबाच्या मुळाशी, जिथं आम्ही सगळं मेलं समजत होतो तिथंसुद्धा. शाळेतून मी रिक्षानं यायला लागले, चालत यायला धीर धरवेना म्हणून. वर्गात बसून उत्तरपत्रिका तपासताना माझ्या डोळ्यांसमोर कोंब वाढत असायचे. फौजी तर सकाळी फोन करून सिद्धूला रोजची वाढ सांगायचे, जणू घरात बाळ झालंय. शेवटी सिद्धू म्हणाला, "आता सांगू नगंस. रविवारी येतो. तोडायला मी पायजे."

रविवार उजाडला. फौजींनी कोंब हातात धरला, हलकेच वाकवला. टच्‌! किती लहानसा आवाज, पण आम्ही तिघंही हसलो. पलीकडून अक्काताई म्हणाल्या, "तोडला? आता शेपू कसा व्हायचा त्याचा?" टच्‌, टच्‌, टच्‌. माझ्या ओंजळीत मावेनात तेव्हा मी पदर पसरला.

स्वयंपाकघरात मी एकटी, आणि उंबऱ्याबाहेर फौजी, त्यांच्यामागे सिद्धू. हुकूम सुटायला लागले.

"पाणी खळाळू दे. मीठ टाक. आणखी टाक. आता बुडखं आधी, शेंडं वर. सोड!"

"सोडलं."

"रंग बग. रंग फिरला का? काढ!"

"अहो, आत्ताच तर—"

"काढ म्हणतो न्हवं! गेलं, गेलं, लिबलिबीत व्हईल!" आणि ते आत आले. माझ्या हातातला झारा घेऊन त्यांनी कोंब बाहेर काढले, गार पाण्यात टाकले, निथळले, दुसऱ्या शेगडीवर लोणी टाकलं, कढई झुलवली. आपण उंबरा ओलांडलाय हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं. मी भिंतीला टेकून उभी राहिले. काही बोलले असते तर ते बाहेर गेले असते.

लोणी, मीठ, मिरी. बाकी काही नाही. आम्ही तिघं जमिनीवर ताटं घेऊन बसलो. मी पहिला घास घेतला. आईच्या भाजीतला तो कडसरपणा कुठंतरी खोल होता, पण वर ओल्या मटारासारखी गोडी, आणि लोणी.  सिद्धू विचार करून म्हणाला, "बाभळीच्या कवळ्या शेंगंवानी लागतंय. मेंढरं जीव टाकतील." फौजी सावकाश चावत होते. आम्ही दोघंही त्यांच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होतो.

"कुरकुरतंय," ते म्हणाले. "बरोबर शिजलंय."

एवढंच. त्यांनी शेवटपर्यंत खाल्लं, सगळ्यांत जास्त खाल्लं, ताट धुतलं. मी त्यांच्या पाठीकडे बघत होते. तीन उन्हाळे, आणि तोंडात फक्त कुरकुर. मला वाटलं, ठीक आहे. ते आत तरी आले.

सिद्धू ओसरीवर सुपारी कातरत होता. मी सांडलवंड आवरत होते. फौजी न्हाणीघराकडे गेले. आणि तिथून हाक आली, गल्लीच्या टोकाला जाईल अशी.

"सुमेऽऽ! सिद्ध्याऽऽ!"

मला वाटलं पडले. मी धावले, सिद्धू अडकित्ता घेऊनच धावला. फौजी न्हाणीच्या दारात उभे होते. डोळे मोठे, नाकपुड्या फुललेल्या.

"वास येतोय!"

"कसला?"

"घाण! लय घाण वास येतोय! कोबी कुजल्यावानी!"

सिद्धूनं आत डोकावून इकडं तिकडं पाहिलं. "उंदीर मेलाय का रं?"

"उंदीर न्हवं, गड्या! मुताचा! माज्या मुताचा वास येतोय!"

हा शब्द असा लेखात लिहावा की नाही, यावर मराठीची शिक्षिका म्हणून मी पुष्कळ विचार केला आहे. पण त्या दुपारी आमच्या घरात उच्चारला गेलेला तो सर्वांत आनंदाचा शब्द होता आणि त्याच्या जागी दुसरा बसत नाही. फौजी दाराची चौकट धरून हसत होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं. मग त्यांना एकदम आठवलं. "अगं, मेसच्या मागं बर्फ वितळल्यावर ह्योच वास असायचा! वस्ताद नाक धरून म्हणायचा, साब लोगांनी खाल्लं वाटतं!" लेकीला फोन केला. तिनं शोधून सांगितलं की खरंच, या भाजीचा तो गुणच आहे, खाल्ल्यावर घटकाभरात येतो. सिद्धू गंभीरपणे न्हाणीत गेला आणि बाहेर येऊन म्हणाला, "व्हय की रं. माजाबी." मी त्या दुपारी खात्री कशी केली ते विचारू नये.

मी लिंबू कापून आणलं. फौजींनी फोड नाकाशी धरली. वाट पाहिली. नाही. लवंग आणली. नाही.  पण ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे. दार उघडलंय. आता एकेक जण आत येईल."

आणि एकेक जण आला. त्या उन्हाळ्यात आमच्या घरी वास पाहुण्यांसारखे आले, आणि आधी आले ते सगळे नकोसे. गटार आलं. रॉकेल आलं. मोज्यांचा आला. प्रत्येकाचं स्वागत झालं. एका सकाळी ते गच्चीवर होते, वारं कारखान्याकडून आलं, आणि मळीचा तो जड, आंबूस भपकारा गल्लीत उतरला. हंगामात आम्ही सगळे त्याला वैतागतो. घराघरांच्या खिडक्या धडाधड लागल्या. फौजी गच्चीच्या कठड्याशी छाती पुढं काढून उभे राहिले.

"अक्का! मळी! मळीचा वास आला!"

"लय दिवसांनी कळलं व्हय तुमास्नी?" अक्काताई खालून ओरडल्या. "आमी रोज मरतोय!"

चांगले वास हळू आले, मागच्या रांगेतून. चैत्रात लिंबू आलं. लवंग त्याच्या मागोमाग. भाजलेलं खोबरं आलं तेव्हा त्यांनी मला शाळेत फोन केला आणि मी तासावर असताना तो उचलला. सगळं काही परत आलं नाही. कॉफी त्यांना अजूनही जळक्या रबरासारखी येते, आणि मोगऱ्याची तर ते अजून वाट बघतात. त्या कोंबांनी वास परत आणला की तो तसाही येणारच होता, डॉक्टर नक्की सांगत नाहीत. म्हणतात, नाकाची आपली वेळ होती. असेल. मला त्याचा निवाडा नको आहे. पण तोडणीच्या दिवसांत त्यांनी एकही दिवस कोंब चुकवला नाही, आणि स्वयंपाकघर तेव्हापासून पुन्हा त्यांचं आहे.

आता गल्लीत सगळ्यांना ते माहीत झालंय. माघात लोक जुडी मागायला येतात, आणि दुसऱ्या दिवशी दबक्या आवाजात सांगतात, "बाई, खरंच येतो वं!" अक्काताईंनी तर कांदा-खोबरं घालून केलं, आणि मला वाटी आणून दिली. इतकी चांगली लागली ती भाजी, की मी कोयनानगरला जाऊन आले.

त्याच तिसऱ्या उन्हाळ्यातली एक दुपार मात्र मी कुणाला सांगितलेली नाही. वैशाखाला थोडे दिवस होते, शाळेचे शेवटचे दिवस. सहा तास शिकवून मी घामेजून घरी आले. पर्स खुंटीला लावली आणि साडी बदलायला आत निघाले. फौजी पाण्याचा तांब्या घेऊन समोरून आले आणि माझ्याजवळून जाता जाता थांबले. माझ्या खांद्याशी वाकले.

"ह्यो कसला वास?"

"घाम आहे, दुसरं काय. बाजूला व्हा."

"न्हाई. कोरडा हाय. पांढरा."

मी माझी ओंजळ नाकाशी नेली. मग मला कळलं आणि हसू आलं. "खडू आहे, हो. खडूचा वास आहे तो."

ते माझ्याकडे बघत राहिले. सैन्यात होते तेव्हा सुट्टी नेहमी मे महिन्यात घ्यायचे, माझी शाळा बंद असते म्हणून. निवृत्त होऊन आले तेव्हा शाळा कुलपात होती. शाळा उघडली तेव्हा त्यांना वासच नव्हता. शाळेतून आलेली बायको त्यांनी पाहिली होती, पण तिचा वास त्यांना आजच कळला होता.

"रोज येतो असा?"

"रोज."

"कवापासनं?"

"तुम्ही मला बघायला आला होता ना, त्याच्याही आधीपासून."

त्यांनी तांब्या खाली ठेवला. मी पुन्हा साडी बदलायला वळले.

"थांब जरा," ते म्हणाले.

मी थांबले.